गुलामीचा पोशाख आणि मालकीचा पट्टा

अमेरिकेतील काळ्या माणसाच्या गुलामगिरीचा इतिहास आपल्या चळवळीला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावही तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच देशात एका गोऱ्या बाईने 'स्लेव्ह गर्ल', म्हणजे गुलाम पोर, हे नाव कुस्तीच्या धंद्यासाठी धारण केले आणि पुढे तीच बाई इतर बायांच्या कमाईची मालकीण झाली. ही हकीकत 'पहिली थोर स्त्री-मल्ल' अशा गौरवात झाकून टाकली जाते. ती आपण आपल्या नजरेने वाचली पाहिजे.

आपल्याकडे कुस्ती म्हटले की तालीम, लाल माती आणि हलगी आठवते. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती हा निराळा प्रकार आहे. तेथे निकाल आधीच ठरलेला असतो. मार खरा लागतो, हाडे खरी मोडतात, पण जिंकणार कोण हे ठेकेदार ठरवतो. मल्ल म्हणजे पात्रे. कोणी देशभक्त, कोणी दुष्ट परदेशी, कोणी रानटी. तेव्हा ही कुस्ती म्हणजे एक रचलेली संहिता आहे आणि संहितेची समीक्षा करता येते. (फडाचा मालक कोण आणि फडात राबणारी कोण, हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवायला नको.) ह्या संहितेत 'व्हॅले' नावाचे एक पात्र असते. धन्याचे कपडे सांभाळणारा खिदमतगार, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. कुस्तीत ही खिदमत बहुधा बाईकडे येते. तिने मल्लाबरोबर रिंगणापर्यंत चालत यावे, त्याचा झगा उतरवून घ्यावा, पंचाचे लक्ष चुकवावे आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाव्यात.

मेरी लिलियन एलिसन ही बाई १९२३ साली दक्षिण कॅरोलायनातील टूकीडू ह्या खेड्यात जन्मली. आई लहानपणीच वारली. नातेवाइकांच्या कापसाच्या शेतात ती राबली. चौदाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ मूल. पुढे ती कुस्तीत आली, तेव्हा जॅक फेफर नावाच्या ठेकेदाराने तिला विचारले की, हे तुला कशासाठी करायचे आहे? तिने उत्तर दिले, पैशासाठी. पैशाला तिकडच्या बोलीत 'मूला' म्हणतात. फेफरने तिचे नाव ठेवले 'स्लेव्ह गर्ल मूला'. बिबट्याच्या कातड्यासारखा ठिपक्यांचा पोशाख घालून ती बडी रॉजर्स ह्या नामांकित मल्लाची व्हॅले झाली.

तिच्या उत्तरात लाज वाटण्यासारखे काही नाही. कापसाच्या शेतातून आलेली पोर पैसा मागते, ह्यात काय वावगे? कलेसाठी कला करणारे पोटभर जेवलेले असतात. माझा आक्षेप नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला आहे. १८६० च्या शिरगणतीत दक्षिण कॅरोलायनाची लोकसंख्या सुमारे सात लाख होती आणि तीत चार लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. त्याच भूमीत, गुलामी कायद्याने संपल्यावर शंभर वर्षेही झाली नसताना, गोऱ्या प्रेक्षकाला हसत-खिदळत पाहण्यासाठी जी 'गुलाम' हवी होती ती गोरी होती! तिच्या पाठीवर वळ नव्हते, तिचे मूल कोणी विकले नव्हते. तिचा पोशाख रात्री खुंटीला टांगता येत होता. काळ्या माणसाची वेदना वगळून तिचे फक्त कातडे विक्रीला काढणे, हा ह्या पात्राचा आशय आहे. सवर्ण लेखकाच्या कथेत सोयीपुरती येणारी 'महारीण' ज्यांनी वाचली आहे, त्यांना ह्याची ओळख लगेच पटेल.

खेळ कोठे संपतो हे तिलाही एकदा कळले. टोनी ओलिव्हास हा सावळ्या वर्णाचा, पिंजारलेल्या केसांचा मल्ल 'एलिफंट बॉय' म्हणून खेळे. ती त्याचीही व्हॅले झाली. तिने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, ओक्लाहोमा सिटीत तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले आणि एक प्रेक्षक सुरा घेऊन तिच्या अंगावर धावला. गोरी बाई काळ्या पुरुषाला शिवली, असे त्याला वाटले. ओलिव्हास काळाही नव्हता! गुलाम पोर चालते, तिने ठरलेली रेघ ओलांडलेली चालत नाही. खोट्या कुस्तीत हा सुरा तेवढा खरा होता.

ह्या प्रसंगातून तिला आत्मभान यायला हवे होते, असे आपल्याला वाटते. तिने वेगळा धडा घेतला. १८ सप्टेंबर १९५६ रोजी बाल्टिमोरमध्ये जूडी ग्रेबलला हरवून ती स्त्रियांची विजेती झाली. 'स्लेव्ह गर्ल' गळून पडली, 'फॅब्युलस मूला' आली. पुढे हा पट्टा तिचाच, जणू खाजगी मालमत्ता. अठ्ठावीस वर्षे अखंड विजेतेपद अशी जी कीर्ती सांगितली जाते, तीही पुरती खरी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ती एकाहून अधिक वेळा हरली होती, १९६८ साली जपानमध्येही हरली. पण मालकाने लिहिलेल्या इतिहासात मालकाचे पराभव नोंदले जात नाहीत.

कोलंबिया गावी तिची तालीम होती. देशभरच्या ठेकेदारांना स्त्री-मल्ल हवी असली की बहुधा तिच्याकडेच यावे लागे. शिष्यांच्या सांगण्याप्रमाणे ती त्यांच्या मिळकतीचा चौथा हिस्सा, कधी अधिकही, कापून घेई. शिवाय तिच्याच जागेत राहायचे आणि भाडे तिलाच द्यायचे. आपल्याकडचा मुकादम ह्याहून काय वेगळे करतो? तिच्या हाताखाली सूझी मे मकॉय ही काळी मल्ल 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' ह्या नावाने खेळली. तिचे १९८९ साली निधन झाले. पुढे तिच्या मुलांनी जाहीर आरोप केला की, आईला पुरुषांच्या हवाली केले जाई, तिला अमली पदार्थांची सवय लावली गेली आणि वर्षानुवर्षे खेळूनही ती घरी जवळजवळ रिकाम्या हाती येई. मूलाच्या निकटच्या माणसांनी हे नाकारले. कोर्टात निवाडा झाला नाही. तरी एवढे उघड आहे की, पोशाखातली गुलाम मालमत्ता करून गेली आणि जिच्या आजे-पणज्यांनी खरी गुलामी भोगली तिच्याजवळ काही उरले नाही.

२००२ साली मूलाचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावातच तिला देवी म्हटले आहे. आपल्या आत्मकथनांत 'मी'च्या मागे वस्ती उभी असते. येथे 'मी'च्या मागे फक्त पट्टा उभा आहे.

आणि मालकीणही शेवटी कोणाची तरी चाकरच होती. विजेतेपदाचे हक्क तिने मॅकमहन ह्यांच्या कंपनीला विकले. २३ जुलै १९८४ रोजी ठरल्याप्रमाणे ती आपलीच शिष्या वेंडी रिक्टर हिच्याकडून हरली. रिक्टरच्या नावावर गर्दी लोटू लागली, तेव्हा तिने कमाईत रास्त वाटा मागितला. २५ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिच्यासमोर मुखवटा घातलेली 'स्पायडर लेडी' आली. रिक्टरने एकाच्या मोजणीला खांदा उचलला, पंचाने तरी तीन मोजून टाकले. ठरलेल्या खेळात न ठरलेला दगा! चिडलेल्या रिक्टरने मुखवटा ओरबाडला. आत मूला होती. मजुरी मागणाऱ्या बाईला मोडण्यासाठी कंपनीला साठी ओलांडलेली जुनी व्हॅलेच उपयोगी पडली.

चाक उलटेही फिरते. १९८७ साली मूलाला हरवून शेरी मार्टेल विजेती झाली. थोड्याच वर्षांत कंपनीने स्त्रियांची कुस्ती गुंडाळली आणि ही कसलेली मल्ल पुरुषांची व्हॅले होऊन उरली. पुढे दुसऱ्या कंपनीत ती 'हार्लेम हीट' ह्या दोन काळ्या भावांच्या जोडीबरोबर चालत असे. ह्याच भावांना १९९३ साली त्या कंपनीने प्रथम रिंगणात आणले ते बेड्या घालून, एका दक्षिणी 'कर्नल'च्या ताब्यातले म्हणून. ओरड झाल्यावर ती कल्पना सोडून दिली. १९५० च्या आसपासचा बिबट्याचा पोशाख आणि १९९३ च्या बेड्या ह्यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण लिहिणारा हात बदलला होता असे म्हणवत नाही.

मूला २००७ साली वारली. २०१८ च्या मार्चमध्ये कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यातील स्त्रियांच्या लढतीला तिचे नाव दिले. लोकांनी संताप व्यक्त केला, पण कंपनी हलली ती चॉकलेट विकणाऱ्या पुरस्कर्त्याने नाराजी कळवल्यावर. मग चार दिवसांत नाव उतरले. पन्नाशीच्या दशकात बॅब्ज विंगो, एथेल जॉन्सन आणि मार्वा स्कॉट ह्या तीन काळ्या बहिणी कोणाचा झगा न उचलता मल्ल म्हणूनच रिंगणात उतरत होत्या. मूला १९९५ सालीच कंपनीच्या सन्मानितांच्या यादीत बसली होती. एथेल जॉन्सनचे नाव त्या यादीत २०२१ साली आले, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.