स्वच्छ ऊर्जेची निकालपत्रे आणि गावकुसाबाहेरचा पक्षकार

दलित समीक्षेने कथा, कविता आणि आत्मकथने तपासली. प्रस्थापित साहित्यातला माणूस कोणाच्या नजरेने रंगवला आहे, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. पण आपल्या जगण्यावर कवितेपेक्षा अधिक थेट परिणाम करणारे एक गद्य आहे. ते याचिकांचे आणि निकालपत्रांचे. त्याची अशी झडती अजून पुरेशी झालेली नाही. मी वकील आहे. स्वच्छ ऊर्जेसाठीच्या जनहित याचिका आणि वीज नियामक आयोगापुढील सुनावण्या हे माझे काम. हे गद्य मी रोज वाचतो. येथे ते समीक्षकाच्या नजरेने वाचायचे आहे.

प्रथम भूमिका स्पष्ट करतो. कोळशाच्या धुराची आणि राखेची झळ ज्यांना आधी बसते, त्यांत आपली माणसे आहेत. वाढत्या उन्हात ऊस तोडणारी, वीट थापणारी, नाका कामगार म्हणून उभी राहणारी माणसेही आपलीच. तेव्हा सूर्याची वीज हवी, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. प्रश्न असा आहे की, ती वीज मागणारी भाषा कोणाची आहे?

जनहित याचिकेचा जन्म शोषितांच्या नावाने झाला. १९७९ साली हुसेनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे कुजणारे कच्चे कैदी न्यायालयापुढे आले. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालाने, ज्याला न्यायालयाची पायरी चढता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याला दाद मागण्याची मुभा दिली. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात दगडखाणींतले वेठबिगार पुढे आले. पेच मात्र त्या मुभेतच होता. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा कोण, आणि तो कोणाच्या शब्दांत बोलणार? १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्याच निकालात पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवण्याची वाटही मोकळी केली. हक्क निकालपत्रात राहिला, झोपडी राहिली नाही.

२००० सालच्या अल्मित्रा पटेल खटल्यातला आदेश या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. याचिका शहरांच्या कचऱ्याबद्दलची. आदेश मात्र दिल्लीच्या कचऱ्यावरून झोपडपट्टीवर येतो, आणि सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणे हे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशी उपमा योजतो. उपमा कोणाला काय दिली जाते, यावरून लेखकाची जात-वर्गीय जाणीव कळते, हे आपण साहित्यात शिकलो. शहराचा कचरा उचलणारा आणि गटार उपसणारा माणूस त्याच झोपडीत राहतो, हे या उपमेला दिसत नाही. 'स्वच्छ' या शब्दाचा इतिहास आपल्याला वेगळा ठाऊक आहे. ज्यांनी गाव झाडले, मेलेली ढोरे ओढली, त्यांनाच गावाने अस्वच्छ ठरवले. म्हणून 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द ऐकला की तिची जमीन कोणाची आणि तिची तावदाने पुसणार कोण, हे विचारावे लागते.

आता अलीकडचे एक महत्त्वाचे निकालपत्र घेऊ. माळढोक आणि तणमोर हे पक्षी वाचवण्यासाठी एम. के. रणजितसिंह यांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात, हे वास्तव होते. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान व गुजरातच्या सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात उघड्या वाहिन्यांवर निर्बंध घातले. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने ते बदलले, तज्ज्ञ समिती नेमली, आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असे सांगितले. गरीब समूहांना ही झळ अधिक बसते, हेही त्यात आहे. समतेचे कलम हवामानाला जोडले गेले, ही या निकालाची थोरवी मी मानतो. उद्या आपल्याला ते शस्त्र म्हणून वापरता येईल.

पण या निकालपत्राची रचना पाहा. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला तारा. तारांच्या टोकाला असलेल्या काचांखाली जी जमीन आहे, तिच्यावर कोण शेरडे चारीत होते आणि कोण मजुरी करीत होते, हा वादाचा मुद्दाच नव्हता. न्यायालय पुढे आलेल्या वादाचेच उत्तर देते, हे मला मान्य आहे. म्हणूनच दोष शोधायचा तर वाद मांडणाऱ्यांच्या चौकटीत शोधावा लागेल.

ही चौकट कायद्यातही आहे. सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे त्या परवानगीची जनसुनावणीही होत नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत सात कायदे आहेत. त्यांत पाणी, हवा, जंगल आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा नाही, २००६ चा वनहक्क कायदा नाही, २०१३ चा भूसंपादन कायदा नाही. झाडाच्या बाजूने बोलायला दार आहे, झाडाखाली बसलेल्या भूमिहीनाला त्या दाराने आत येता येत नाही.

कर्नाटकातील पावगड्याचा सौर प्रकल्प सुमारे १३,००० एकरांवर, २,०५० मेगावॉटचा आहे. जमीन विकत न घेता एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्याने घेतली, म्हणून त्याचे कौतुक होते. ते रास्तही आहे. परंतु भाडे सातबाऱ्याच्या धन्याला मिळते. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीनाची, म्हणजे बहुतांशी दलिताची, मजुरी गेली. त्याच्या वाट्याला फार तर गवत काढण्याचे आणि काचा धुण्याचे काम आले.

महाराष्ट्रात हा प्रश्न गायरानाचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच पडीक जमिनींसाठी झाले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी कित्येकांचे नाव आजही सातबाऱ्यावर चढलेले नाही. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरले. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. म्हणजे कागदावर नाव असलेल्याला भाडे, आणि तीस-चाळीस वर्षे गायरान कसणाऱ्याला नोटीस. वीज कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बोलीत सर्वांत कमी दर निघाला की आयोग तो स्वीकारतो आणि स्वच्छ ऊर्जेची बाजू जिंकली असे आम्ही म्हणतो. त्या स्वस्त दरात गायरान कसणाऱ्याच्या घामाची किंमत शून्य धरलेली असते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज विकासावर बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा प्रश्न सरळ दारिद्र्याशी जोडला. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, आणि त्याच निवेदनात सरकारी पडीक जमिनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी राखून ठेवण्याची मागणी केली. वीज आणि पडीक जमीन हे दोन प्रश्न त्यांनी एकाच निवेदनात ठेवले होते. आजच्या याचिकांनी ते अलग केले.

म्हणून माझी अपेक्षा नेमकी आहे. स्वच्छ ऊर्जेच्या प्रत्येक याचिकेत जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला आवश्यक पक्षकार करावे, आणि भाड्यात त्याचा वाटा मागावा. वीजदराच्या सुनावणीत कोणालाही हरकत घेता येते. तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी गायरानाची किंमत विचारावी. कायद्याच्या वर्गातल्या मुलांनी निकालपत्र हाती घेतले की त्यातले 'पडीक', 'अतिक्रमण' आणि 'स्वच्छ' हे तीन शब्द अधोरेखित करावेत, आणि प्रत्येक शब्दासमोर समासात लिहावे : हे कोण म्हणतो, आणि कोणाच्या जमिनीवर उभा राहून म्हणतो.