मुखपृष्ठावरची बाई

आमच्या घरात दोन प्रकारची रद्दी असते. एक महिनाअखेरीस वजनावर जाते. दुसरी मी वजनावर विकत आणतो. या दुसरीला मी ‘संग्रह’ म्हणतो. सौ. काय म्हणते, ते छापण्याजोगं नाही.

संग्रह जुन्या दिवाळी अंकांचा, आणि तोही केवळ मुखपृष्ठांसाठी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला चकलीबरोबर साहित्य चघळायची सवय लागली. पुढे ते ताट सजवलं चित्रकारांनी. माझी दैवतं दोन: दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघंही मूळचे गोव्याचे.

पण पंक्तिप्रपंच करायचाच, तर माझं मत दलालांना. मुळगावकरांची सुंदरी रंगाच्या फवाऱ्यातून अशी काही उजळून निघते, की तिला कधी घाम येत असेल असं वाटतच नाही. त्यांची लक्ष्मी आणि त्यांची नायिका सख्ख्या बहिणी दिसतात. नमस्कार नेमका कुणाला करायचा, तेच कळत नाही! दलालांची बाई रेषेतून उभी राहते. माझ्याकडच्या एका अंकावर ती आहे: मान किंचित कललेली, नजर हातातल्या कामावर. आपण बघतोय, याची तिला फिकीर नाही. १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ सुरू करणाऱ्या या माणसानं मुखपृष्ठाला नुसतं वेष्टन मानलं नाही, ते यामुळेच.

परवा हे सगळं मी सौ.ला ऐकवत होतो. ती अंकाकडे टक लावून बघत म्हणाली, “अहो, हा आमच्याकडे होता. आई दुपारी वाचून दाखवायची. एक गोष्ट अर्धीच राहिली. आत आहे का बघा ना.”

आत? पंधरा वर्षं अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. आत काय आहे, ते मला कुठं ठाऊक! दार सुंदर म्हणून मी पंधरा वर्षं उंबऱ्यावरच उभा.

जिवावर उदार होऊन पिशवी उघडली. पिना गंजलेल्या. मुखपृष्ठ अलगद माझ्या हातात आलं.

“चित्र तुम्हाला, गोष्ट मला,” म्हणत सौ. खिडकीशी जाऊन बसली.

मान किंचित कललेली. मी बघतोय, याची फिकीर नाही.