‘आपण’ या सर्वनामाची व्याप्ती : विद्या बाळ यांच्या संवादलेखनाविषयी

स्त्रीच्या आत्मशोधाचे लेखन म्हटले की मराठी समीक्षेचे लक्ष सहसा आत्मचरित्राकडे जाते. मासिकातून वाचकाशी केलेला संवाद पत्रकारितेच्या खाती टाकला जातो. विद्या बाळ यांच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते. ‘स्त्री’ मासिकातील दीर्घ उमेदवारी, १९८३ ते १९८६ या काळातील तेथील संपादकपद आणि ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’चा प्रारंभ हा क्रम परिचित आहे. या लेखनाच्या भाषिक व्यूहाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘शोध स्वतःचा’, मासिकाचे ‘मिळून साऱ्याजणी’. पहिले एकटीचा उद्योग सुचवते, दुसरे समूहाचा. हा विरोध मराठीत एका सर्वनामापाशी सांधला जातो. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. शिवाय ‘आपण होऊन’ यासारख्या प्रयोगात तेच आत्मवाचक ठरते आणि आदरार्थी संबोधन म्हणूनही चालते. स्वतः, समोरची व्यक्ती आणि दोघींचा समूह असे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. ‘मिळून साऱ्याजणी’ची भूमिका याच ‘आपण’च्या जातकुळीची आहे. तीत उपदेशकाचे ‘तुम्ही’ टळते आणि कबुलीजबाबाचे एकाकी ‘मी’ही टळते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावाआड उभे राहावे लागले होते. विद्या बाळ यांनी संपादित केलेल्या ‘अपराजितांचे निःश्वास’चे शीर्षक त्या पुस्तकाशी उघड नाते सांगते. कळ्यांच्या जागी अपराजिता आल्या, हा बदल अर्थातच सूचक आहे. निःश्वास मात्र उरले, हेही नजरेआड करू नये.

परंतु ‘साऱ्याजणी’ म्हणजे किती जणी? या प्रश्नाचे उत्तर बहुधा साक्षरतेच्या परिभाषेत दिले जाते. पुणे-मुंबई लोहमार्गावरील कर्जत आणि शेजारचा खालापूर हे तालुके डोळ्यांसमोर ठेवले तर अडचण त्याहून मूलभूत असल्याचे दिसते. तेथील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. मासिकाची वर्गणी पत्ता मागते, बाराही महिने तोच पत्ता. पत्रोत्तरातून घडणारे आत्मभान असे स्थिर उंबरठ्याला बांधलेले असते. ‘आपण’ हे सर्वनाम व्याकरणात कोणालाही वगळत नाही. टपालाची व्यवस्था वगळते.

याच तालुक्यांना घाटमाथ्यावर लागून असलेल्या मावळात आणि मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. महाराष्ट्रभर विस्तारलेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवीलाही श्रोता लागतो, पण तो जात्याच्या दुसऱ्या अंगाला खुंटा धरून बसलेला असतो. गाणारी आपले दुःख लेकीला, भावाला किंवा सईला उद्देशून मांडते, क्वचित जात्यालाही. तिचे ‘मी’ नात्यांतूनच बोलते. त्यामुळे त्यात आत्मशोध नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे शोध फक्त एकांतातच होतो हे गृहीत धरणे होय, आणि हे गृहीतक मराठी स्त्रीवादी समीक्षेने फारसे तपासलेले नाही. विद्या बाळ यांचा ‘आपण’ या गृहीतकाला छेद देतो. या अर्थी त्यांचे लेखन, छापील असूनही, आत्मचरित्रापेक्षा ओवीच्या अधिक जवळचे आहे.

ओवीचे उदात्तीकरण मात्र करू नये. पहाटेचे ते दळण कष्टाचेच होते आणि पिठाची गिरणी आल्यावर बायकांनी जाते बाजूला सारले ते सुटकेच्या भावनेने. गिरणीपुढच्या रांगेत गाणे उरले नाही. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी हजार विटांच्या हिशेबाने राबते, तेथे तर समोर बसणारी दुसरी बाईही आपल्याच हिशेबात गुंतलेली असते. तिच्या बोलण्याचे रूप कोणते, हे अजून कोणत्याही संकलनाने विचारलेले दिसत नाही.