पळस पेटवणारे कवी

मार्च उजाडला की मराठी कवितेत पळस पेटतो. गेल्या काही वर्षांतला कुठलाही दिवाळी अंक किंवा रानावरचा नवा संग्रह उघडावा, तर पळसाचा वणवा, मोहाची धुंदी, वाघाचे राजेपण आणि रानाची हिरवी शांतता हा सरंजाम ठरलेला असतो. ताडोब्याची सफारी सोपी झाली, मोहर्ली आणि कोलारा गेटवर जिप्सींच्या रांगा लागल्या आणि त्यांच्या मागोमाग ही कविता आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात बसून ती वाचणाऱ्याला संताप येतो, कारण त्याच दिवसांत इथे खरोखरचा वणवा लागतो.

तो कसा लागतो हे जवळून पाहावे. मोहफूल पहाटे गळते. पाचोळ्यात पडलेले फूल सापडत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडतात, पुष्कळदा पेटवून देतात. वारा फिरला की ती आग रानात शिरते. झुंजूमुंजू व्हायच्या आत बाया टोपल्या घेऊन निघतात आणि वाकून एकेक फूल वेचतात. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाचे कितीतरी हल्ले अशाच वाकलेल्या माणसांवर झाले आहेत, मोहाच्या दिवसांत आणि पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतानाही. वेचलेले फूल अंगणात वाळते, तेव्हा कुठे त्याचे पैसे होतात. या साऱ्या कष्टात धुंदी अगदी शेवटी येते, तीही बहुतेकदा दुसऱ्याच्या वाट्याला.

एवढे सगळे त्या झाडाखाली घडत असताना कवीला फक्त नशा दिसते. प्रतिमा जुनी असती तरी चालले असते. ही आंधळी आहे.

प्रतिमेत किती बळ असते, हे चिमूरने 1942 साली पाहिले आहे. त्या ऑगस्टात तुकडोजी महाराज इथे होते. त्यांच्या खंजिरीवरच्या हिंदी भजनात दगडांचे बॉम्ब होत होते, भक्तांची सेना होत होती. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी गाव इंग्रजांविरुद्ध उठले. गोळीबारात बालाजी रायपूरकर पडले. महाराजांना पुढे अटक झाली. काव्यशास्त्राच्या हिशेबाने ते रूपक साधेच होते. पण ते दगड ऐकणाऱ्यांच्या हाताशी होते, आणि गाणाऱ्याने याच तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात साधना केलेली होती.

आजच्या मराठीत हे बळ कुठे उरले असेल, तर ते आदिवासी कवितेत. भुजंग मेश्रामांनी 1990च्या आपल्या संग्रहाला ‘उलगुलान’ म्हटले, बिरसा मुंडांच्या बंडाचे नाव दिले. अनेक बोलींतले शब्द त्यांनी मराठी कवितेत आणून बसवले, आणि ते मूळ धरून उभे राहिले. उषाकिरण आत्राम यांच्या ‘म्होरकी’तली बाई पुढे चालणारी आहे, तिला कुणी वनकन्या करून टाकलेले नाही. विनायक तुमराम यांच्या संग्रहाचे ‘गोंडवन पेटले आहे’ हे नाव आणि पळसाचा वणवा शेजारी ठेवून पाहावीत. आग दोन्हीकडे आहे. एका आगीत राहणारी माणसे आहेत, दुसरीत फोटोची चौकट.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगता येते. ग्रेस यांच्या गूढतेची नक्कल अजून चालू आहे, पण तिच्यात ग्रेस यांचा कान नाही. शहरी पर्यावरण-कविता झाडाला आई म्हणते आणि तिथेच थांबते. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचून पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिचे चार शब्द प्रमाण मराठी ओळीवर शिंपडणाऱ्यांनी तो वारसा स्वस्त केला.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मग काय, मोह वेचल्याशिवाय मोहावर लिहायचेच नाही? अवश्य लिहावे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यात आले, रानातल्या माणसांकडून पाखरांची आणि झाडांची नावे शिकले, आणि मग लिहू लागले. हेमलकशाला येऊन राहिलेल्या विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत माडिया आदिवासींचे जगणे आतून उभे केले. मर्ढेकरांनी उंदीर आणि ढसाळांनी गोलपिठा कुठल्या अलंकारकोशातून घेतला नव्हता. जन्माची अट कुणी घातलेली नाही. पाहण्याची अट आहे, आणि ती जीपमधून पुरी होत नाही.

न पाहता लिहिण्याची ही सवय लागते शाळेत. अलंकार ओळखा, उपमेय सांगा, उपमान सांगा, गुण घ्या. जिची आई पहाटे मोहाला जाते ती चिमूरची मुलगीसुद्धा ‘वसंत ऋतू’ या निबंधात पळसाचा वणवा लिहिते, कारण गुण त्यालाच मिळतात. आईने पेटवलेला पाचोळा, काळवंडलेली जमीन, त्यावर उठून दिसणारे फिकट पिवळे फूल तिने रोज पाहिलेले असते. वहीत ते येत नाही, कारण ते साहित्य आहे असे तिला कुणी सांगितलेलेच नसते. शिक्षकांनी ते सांगावे, तिने लिहिले तर पैकीच्या पैकी द्यावेत. आणि पळसाच्या वणव्याची पुढची कविता टपालात आली की संपादकांनी ती परत पाठवावी, कवी कितीही नामवंत असो.