हिरवं रक्त : व्हिडिओ गेममधल्या हिंसेच्या वादाची उलटतपासणी

२०१९च्या फेब्रुवारीत साताऱ्याजवळच्या एका शाळेत पालकसभेपुढे मी पाऊण तास बोलले. विषय होता पब्जी. त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. जानेवारीत 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमच्या नादाची तक्रार केली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी तो पब्जीवाला आहे का, असं विचारलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीसाठी याचिका दाखल झाली होती. पुढच्याच महिन्यात राजकोट पोलिसांनी बंदीचा आदेश काढला आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटकही झाली. अशा हवेत मी, तीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलेली बाई, उभी राहून म्हणाले की हिंसक गेम खेळणारी मुलं हिंसक होतात हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. टाळ्या भरपूर मिळाल्या.

वर्षभराने एक पालक एसटी स्टँडवर भेटले. ओळख देत म्हणाले, "मॅडम, तुमचं भाषण ऐकलं आणि त्याच रात्री फोन पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला." मुलगा नववीत होता. मी विचारलं, मग? "गेम सुटला. पण आता आमच्याशी बोलतच नाही." अधिक चौकशी केल्यावर कळलं, मुलगा नुकताच गाव सोडून इथे आला होता आणि रोज रात्री ज्यांच्याबरोबर खेळायचा, ते त्याचे गावाकडचे तीन चुलतभाऊ होते. वर्गात त्याला अजून कोणी मित्र नव्हता. हे काही भाषणात विचारलं नव्हतं मी. तेव्हा मला एवढंच सुचलं, की ज्या संशोधनाच्या जोरावर बोलले ते एकदा नीट वाचून काढावं. तोवर मी त्याचे सारांशच वाचले होते.

त्यातला सर्वांत जास्त वेळा सांगितला जाणारा निबंध क्रेग अँडरसन आणि कॅरेन डिल यांचा, २००० सालचा. त्याची सुरुवात कोलंबाइनच्या शाळेतल्या हत्याकांडाने होते. एप्रिल १९९९मध्ये दोन विद्यार्थ्यांनी तिथे गोळीबार केला होता आणि ते 'डूम' खेळायचे हे जगभर छापून आलं होतं. पण निबंधातल्या प्रयोगात काय आहे? महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींना 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' हा गोळ्या झाडायचा गेम दिला, काहींना 'मिस्ट' हा संथ कोड्यांचा. नंतर त्यांना एका न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी बटण दाबण्याची शर्यत लावायला सांगितलं. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा, किती मोठा आणि किती वेळ हे त्यानेच ठरवायचं. आवाज किती मोठा, यात दोन गटांत फरक पडला नाही. किती वेळ, यात थोडा पडला. तोही स्वतः हरल्यानंतरच्या फेरीत. हत्याकांडापासून निघालेला निबंध इथे पोचतो.

मी प्रयोगाची टिंगल करत नाहीये. प्रयोगशाळेत कोणाच्या हाती सुरी देता येत नाही, त्यामुळे आक्रमकतेला काहीतरी बदली माप शोधावंच लागतं. आक्षेप आहे तो शब्दांच्या घसरणीवर. प्रयोगात 'आक्रमक वर्तन' म्हणजे कर्कश आवाज; सारांशात ते नुसतं 'आक्रमकता' होतं; वर्तमानपत्रात 'हिंसा'; आणि माझ्यासारखीच्या भाषणात 'गुन्हेगारी'. एकाही पायरीवर कोणी खोटं बोललेलं नसतं. शिवाय हे मापही पक्कं नव्हतं. माल्टे एल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवून दिलं, की याच चाचणीतून आक्रमकतेचा आकडा काढण्याच्या संशोधकागणिक निराळ्या पद्धती आहेत आणि पद्धत बदलली की निष्कर्षही बदलू शकतो. तराजू तोच, पण वजनं ज्याची त्याने आणायची.

पुढचं संशोधन या बाबतीत जास्त शिस्तीचं निघालं. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. विश्लेषण कसं करणार हे त्यांनी आधीच लिहून जाहीर केलं होतं. गेम हिंसक की नाही हे मुलांच्या मतावर न सोडता अधिकृत वर्गीकरणावरून ठरवलं आणि वागणुकीबद्दल पालकांना विचारलं. संबंध आढळला नाही. जर्मनीत सिमोन क्यून यांच्या गटाने प्रौढांना दोन महिने रोज 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' खेळायला लावलं. आक्रमकतेत वाढ दिसली नाही. 'अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन'ने २०२०मध्ये आपला ठराव सुधारताना सांगितलं, की प्रत्यक्ष हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. मात्र ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी लहानसा पण टिकून राहणारा संबंध दिसतो. हे दुसरं वाक्य गेमचे पाठीराखे सहसा गाळतात.

पाठीराख्यांचंही मला सगळंच पटत नाही. गेममुळे एकाग्रता वाढते, संघभावना येते, निर्णयक्षमता सुधारते, असं ते सांगतात आणि त्याच दमात म्हणतात की गेममधल्या गोळीबाराचा मनावर काहीच परिणाम होत नाही. चांगलं तेवढं झिरपतं आणि वाईट तेवढं काचेवरून ओघळून जातं, असं मन मी तरी तीस वर्षांत कुठे शिकवलं नाही. २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. निकालपत्रात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांचा दाखला दिला: त्यातही मुलं चेटकिणीला भट्टीत जाळतातच की! युक्तिवाद चटकदार आहे. पण गोष्ट ऐकणारं मूल त्या चेटकिणीला रोज दोन तास स्वतः ढकलत नसतं. कायदा रद्द करणं मला पटतं, उपमा पटत नाही. (हा कायदा आणणारे लेलँड यी पुढे शस्त्रांच्या बेकायदा व्यवहाराच्या खटल्यात अडकले, गुन्हा कबूल करून २०१६मध्ये तुरुंगात गेले. यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

वाचता वाचता मला जास्त कुतूहल वाटायला लागलं ते रक्ताच्या रंगाचं. १९७६मध्ये 'डेथ रेस' नावाचा गेम अमेरिकेत आला. चाक फिरवून पडद्यावरच्या काटक्यांएवढ्या आकृत्यांवर गाडी घालायची. आकृती किंचाळायची आणि तिच्या जागी क्रूस उभा राहायचा. ओरड झाल्यावर कंपनीने सांगितलं, ही माणसं नव्हेत, भुतं आहेत. १९९३मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' घरोघरच्या यंत्रांवर आला तेव्हा निन्टेन्डोने रक्त काढून त्या जागी करडा घाम दाखवला. सेगाने एका गुप्त संकेतामागे रक्त ठेवलं, आणि जास्त खप सेगाचाच झाला. त्याच डिसेंबरात सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी वयोगटाची वर्गवारी आली. १९९७मध्ये ब्रिटनच्या मंडळाने 'कार्मागेडन'ला प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा गाडीखाली येणाऱ्या पादचाऱ्यांची झोम्बी करण्यात आली आणि रक्त हिरवं.

आपल्याकडे काय झालं? पब्जीवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली. ११८ अ‍ॅप्स एकदम बंद झाली आणि कारण होतं देशाची सुरक्षा आणि माहितीचा गैरवापर. मुलांच्या मनाशी त्या आदेशाचा संबंध नव्हता. आमच्या पालकसभा मात्र 'झाली एकदाची बंदी' म्हणून सुखावल्या. २०२१मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, तेव्हा त्यातलं रक्त हिरवं होतं. डेथ रेसपासून पंचेचाळीस वर्षांनी आपण कार्मागेडनच्या तोडग्यावर येऊन पोचलो होतो. अठराखालच्यांसाठी वेळेची मर्यादाही आली, ती थोरांच्या फोनवरून खेळणाऱ्यांना कितपत लागू पडते हे घरोघरी माहीत आहे.

मी स्वतः तोवर हा गेम कधी पाहिलाही नव्हता. सिनेमा न पाहता परीक्षण लिहावं, तसं ते भाषण होतं. शेवटी सोळा वर्षांच्या भाच्याला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, तू फक्त माझ्या मागे मागे ये, गोळी झाडू नकोस." शंभर जण विमानातून उतरतात, सामान गोळा करतात, वर्तुळ आक्रसत जातं, शेवटी एक जण किंवा एक संघ उरतो. अर्धा तास मी बहुतेक गवतात लपून होते. मेले तेव्हा रक्ताचा रंग पाहायचंही सुचलं नाही. राग आला होता. आणि तो मारणाऱ्याचा नव्हता, माझ्या अंगठ्याचा होता.

या रागावरही संशोधन आहे आणि ते भाषणांत कधीच येत नाही. अडाची आणि विलोबी यांनी २०११मध्ये हिंसा आणि स्पर्धा वेगळ्या काढून तपासल्या; आक्रमक वर्तनाशी जास्त जोडलेली निघाली ती स्पर्धा. प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या प्रयोगमालेत खेळ जमू न देणं हेच चिडीचं कारण ठरलं. त्यासाठी त्यांनी चक्क 'टेट्रिस'सुद्धा मुद्दाम बिघडवला. चौकोनी ठोकळ्यांत कुठलं आलंय रक्त?

खेळताना दुसरी एक गोष्ट कळली, ती मात्र कुठल्या निबंधात वाचलेली नव्हती. बहिणीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "पानं वाढलीयेत, ये." भाचा म्हणाला, "पाच मिनिटं." तिसऱ्या हाकेला ती दारात आली आणि नेहमीचं भांडण सुरू झालं. भाचा उठू शकत नव्हता, कारण हा सामना थांबवता येत नाही. मध्ये उठलं तर बाकी तिघे उघड्यावर पडतात आणि उद्या ते बोलावत नाहीत. पत्त्यांचा डाव असता तर पालथा टाकून जेवायला जाता आलं असतं. घराघरांत ज्या आदळआपटीला आपण गेममधल्या हिंसेचा परिणाम म्हणतो, तिच्यातली बरीचशी या 'थांबवता न येण्या'तून येते, असा माझा आता अंदाज आहे. त्यामागे खेळाची रचना आहे आणि त्या रचनेमागे धंदा. रक्त काळं करा, निळं करा, सामना तेवढाच लांब राहतो. अर्थात हा एका घरातला अनुभव आहे, प्रयोग नव्हे. या वेळी तेवढं तरी स्पष्ट सांगते.

एसटी स्टँडवर भेटलेल्या त्या गृहस्थांना मी फोन केला. मुलगा आता पुण्यात डिप्लोमाला आहे. म्हटलं, माझं तेव्हाचं बोलणं पुराव्याच्या पुढे गेलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही नसता बोललात तरी मी फोडला असताच." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, कोण जाणे.

यंदा जूनमध्ये त्याच शाळेतून पुन्हा बोलावणं आलं. पत्रिकेत विषय छापला होता, 'मोबाइल गेम आणि बालगुन्हेगारी'. मी कळवलं, विषय बदलून 'सामना मध्येच थांबवता येत नसेल तर' असा ठेवाल का? मुख्याध्यापक नम्रपणे म्हणाले, "बाई, मागचंच भाषण द्या ना, पालकांना फार आवडलं होतं." मी नाही म्हटलं. सभा झाली, वक्ते दुसरे होते.