गुणवत्तेची वंशावळ

इंग्रजी ‘मेरिट’ हा शब्द मराठींत येऊन स्थायिक झाला तेव्हां त्याचा अर्थ थोडा सरकला. मूळ भाषेंत तो गुणवाचक. आपल्याकडे तो जवळजवळ स्थलवाचक झाला. मुलगा ‘मेरिटमध्यें आला’ असें आपण म्हणतों. जणूं काय मेरिट हा एखादा दिवाणखाना असून मुलगा उंबरठा ओलांडून त्यांत शिरला. शालान्त परीक्षेची गुणवत्तायादी छायाचित्रांसह वर्तमानपत्रांत छापून येई त्या काळांत ज्यांचें बाळपण गेलें, त्यांस हा दिवाणखाना चांगलाच परिचित आहे. याच अर्थाच्या आसपासचा एक शब्द आपल्या भाषेंत पूर्वींपासून नांदत होता. तो म्हणजे ‘लायकी’. परंतु मेरिट मिळवावयाचें असतें, आणि लायकी ओळखून असावयाची असते! पहिला शब्द परीक्षेच्या मंडपांतला, दुसरा गांवच्या चावडीवरला. पहिल्यानें दुसऱ्यास हद्दपार केलें, अशी आमच्या पिढीची प्रामाणिक समजूत होती. ती कितपत खरी आहे, हा प्रश्न अजंता सुब्रमण्यन् यांच्या ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या ग्रंथानें उपस्थित केला आहे. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें तो २०१९ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे प्रस्तुत परीक्षण उशिराच होत आहे. परंतु ग्रंथाचा विषय शिळा झालेला नाहीं, आणि मराठींत त्याची व्हावी तितकी चर्चा झाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

लेखिका मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत. त्यांचा पूर्वींचा ग्रंथ कन्याकुमारीकडील ख्रिस्ती मच्छिमारांविषयीं होता. ज्यांस आपला हक्क भांडून मागावा लागतो अशा लोकांकडून, ज्यांस तो मागावाच लागत नाहीं अशा लोकांकडे त्या या ग्रंथांत वळल्या आहेत. मद्रासची आय. आय. टी. ही संस्था, तेथें शिकून गेलेल्या पिढ्या, आणि त्यांचें स्वतःविषयींचें मत, हा त्यांचा अभ्यासविषय. मुलाखती आणि दप्तरखान्यांतील कागदपत्रें अशा दोन्ही पायांवर ग्रंथ उभा आहे, आणि त्यामुळें तो केवळ मतप्रतिपादन करणारा झालेला नाहीं.

आरंभींचें प्रकरण कंपनी सरकारच्या काळापासूनचें आहे. मद्रासेस मोजणीचें शिक्षण देणारी शाळा १७९४ सालीं निघाली. तिचेंच पुढें गिंडीचें इंजिनियरिंग कॉलेज झालें. रुडकीचें कॉलेज १८४७ चें. आपल्या पुण्याचें १८५४ चें. तेंही मूळ सार्वजनिक बांधकाम खात्यासाठीं दुय्यम दर्जाचे अंमलदार तयार करणारा एक वर्ग म्हणूनच सुरू झालें. वरच्या जागांवर विलायतेंतून माणसें येत, आणि त्यांच्यासाठीं तिकडे कूपर्स हिल येथें १८७१ ते १९०६ पर्यंत एक स्वतंत्र कॉलेजच चालविलें गेलें. या सर्व व्यवस्थेंत लेखिकेनें जी गोष्ट हेरली आहे ती अशी, कीं या देशांत लोखंड, लांकूड व दगड यांचें ज्ञान ज्यांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या होतें ते लोहार, सुतार व पाथरवट नव्या यंत्रविद्येचे स्वाभाविक वारस ठरावयास हवे होते. ठरले मात्र निराळेच. विद्या हातांतून डोक्यांत गेली, कारखान्यांतून वर्गांत गेली, आणि वर्गांत जे पूर्वींपासून बसले होते त्यांची झाली. ज्यांच्या घरांत कोणीं कधीं हातोडा उचलला नव्हता त्या घरांतील मुलें इंजिनियर झालीं, व ज्यांच्या घरांत हातोड्याखेरीज कांहीं नव्हतें त्यांच्या वांट्यास ‘मिस्त्री’ ही पदवी आली. हें कोणीं कट करून केलें असें लेखिका म्हणत नाहीं, व तेंच योग्य आहे. लेखणीस हत्यारापेक्षां मोठें मानण्याची आपली जुनी संवय आणि साहेबाची श्रेणीबद्ध नोकरशाही यांचा हा विवाह होता. आणि पत्रिका चांगली जुळली होती.

ग्रंथाचा सर्वांत कसदार भाग मद्रास इलाख्याच्या राजकारणासंबंधीं आहे. ब्राह्मणेतर चळवळीमुळें त्या इलाख्यांत सरकारी जागांची जातवार वांटणी झालेली होती. कॉलेजांतील दर १४ जागांपैकीं ब्राह्मणेतर हिंदूंस ६, मागासलेल्या हिंदूंस २, ब्राह्मणांस २, हरिजनांस २, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती यांस मिळून १ व मुसलमानांस १, असा तो हिशेब होता. तो सर्वोच्च न्यायालयानें १९५१ च्या एप्रिलांत रद्द ठरविला. ज्यांच्या नांवानें तो खटला प्रसिद्ध आहे त्या चंपकम् दोराइराजन् यांनीं वैद्यकीय कॉलेजांत प्रवेशासाठीं अर्जच केला नव्हता, ही गंमत निकालपत्रांतच नमूद आहे. दुसरा अर्जदार मात्र इंजिनियरिंगसाठीं खरोखरच दारांत उभा होता. पाठोपाठ त्याच वर्षीं पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठीं खास तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. याचा परिणाम असा, कीं मद्रासच्या प्रांतिक कॉलेजांचीं दारें हळूहळू सर्वांस उघडलीं. आणि त्याच सुमारास, १९५९ सालीं, पश्चिम जर्मनीच्या साह्यानें त्याच शहरांत मध्यवर्ती सरकारची एक नवी संस्था उभी राहिली. १९६१ च्या कायद्यानें ती ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ ठरली, व प्रांताचे आरक्षणाचे नियम तिला लागू नव्हते. अनुसूचित जातिजमातींसाठीं तेथें जागा राखल्या गेल्या त्या १९७३ पासून. प्रांतानें ज्यांस अंगणाबाहेर केलें असें ज्यांस वाटत होतें त्यांस हें नवें घर मिळालें, आणि तेथें त्यांनीं आपल्या जातीस ‘गुणवत्ता’ असें नवें नांव ठेवलें, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त. इतरांची जात आरक्षणाच्या यादींत लिहिलेली असते म्हणून ती दिसते. यांची ‘सर्वसाधारण’ या शब्दामागें दडते. तामिळ देशांत मात्र ती पुरती दडलीही नाहीं; ब्राह्मणविरोधी राजकारणाच्या झोतांत तिला स्वतःचा उच्चार करावा लागला, व गणितांतील बुद्धि ही आपल्या कुळांतच आहे असें सांगावें लागलें. लेखिकेचें हें निरीक्षण फार मार्मिक आहे.

प्रवेशपरीक्षेवरील प्रकरणही वाचनीय आहे. खाजगी शिकवणीवर्गांचें पीक आल्यावर जुन्या पदवीधरांनीं एक नवा भेद शोधून काढला: कांहीं मुलें ‘उपजत’ हुशार, तर कांहीं नुसतीं ‘घोटवून’ घेतलेलीं. ज्या परीक्षेवर स्वतःची योग्यता सिद्ध झाली तीच परीक्षा दुसरे उत्तीर्ण होऊं लागतांच अपुरी वाटूं लागावी, यांतील विनोद लेखिकेनें न हंसतां टिपला आहे. परंतु येथें आमची एक तक्रार आहे. ज्या कागदावर आडनांव नसतें, नुसता क्रमांक असतो, त्या कागदानें कांहीं मुलांचें कल्याणही केलें आहे. तोंडी मुलाखत, शिफारस, ‘कोणाचे कोण?’ ही चौकशी, या सर्वांपेक्षां तो निनांवी कागद पुष्कळच दयाळू. एखाद्या तालुक्याच्या गांवच्या शिक्षकाचा मुलगा त्याच कागदाच्या जोरावर वर आला, हें कोणत्याही अध्यापकास ठाऊक असतें. परीक्षा ही जातीचें हत्यार झाली हें दाखवितांना ती कधींकधीं जातीवरचेंही हत्यार होती, या बाजूस लेखिकेनें तितका न्याय दिलेला नाहीं.

अमेरिकेंतील यशस्वी पदवीधरांवरचें शेवटचें प्रकरण त्यामानानें अपेक्षित वळणानें जातें. सरकारी खर्चानें शिकून ‘आम्ही स्वतःच्या हिंमतीवर उभे राहिलों’ असें सांगणारे गृहस्थ आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत.

ग्रंथाचा खरा दोष आमच्या मतें निराळाच आहे. तो संस्थेच्या दरवाज्यापाशीं थबकतो. कोण आंत आला आणि कां, याचें विवेचन जितकें सूक्ष्म, तितकें आंत आलेल्याचें पुढें काय झालें याचें नाहीं. आरक्षणांतून आलेल्या मुलांस ‘कोट्यांतले’ म्हणून कसें वेगळें पाडलें जातें हें त्या सांगतात. परंतु फळ्यासमोर, प्रयोगशाळेंत, पहिल्या सत्राच्या त्या जीवघेण्या महिन्यांत विद्या देण्याची जी क्रिया चालते, किंवा चालत नाहीं, ती ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिली आहे. टीकाकारानें लेखकास दुसराच ग्रंथ कां लिहिला नाहीं असें विचारूं नये, हें मान्य. तथापि गुणवत्ता ही घडविली जाते असा ज्याचा सिद्धान्त आहे, त्यानें ती जेथें रोज घडते किंवा मोडते त्या जागेकडे पाहिलें नाहीं, हें उणें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

या बाबतींत अमेरिकेंतील एका जुन्या अभ्यासाची आठवण होते. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें युरी ट्राइझमन् नांवाच्या तरुण गणितज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत एक साधा प्रश्न घेतला: कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गांत निग्रो वंशाचे विद्यार्थी इतके कां नापास होतात, आणि चिनी वंशाचे कां होत नाहींत? सहकाऱ्यांजवळ उत्तरें तयार होतीं: घरची गरिबी, कच्ची तयारी, आईबापांची उदासीनता, जिद्दीचा अभाव. ट्राइझमननें दोन्हीं समाजांतील वीस-वीस विद्यार्थी घेऊन ते अभ्यास कसा करतात हें त्यांच्याबरोबर राहून पाहिलें, आणि चारही उत्तरें खोटीं ठरलीं. चिनी मुलें रात्रीं एकत्र बसत, एकमेकांचीं उदाहरणें तपासत, चुका काढीत. निग्रो मुलें एकटीं, दार लावून, नेमानें तास भरीत. आपल्याला येत नाहीं तें दुसऱ्यासही येत नसेल, ही साधी गोष्ट त्यांस कळण्यास मार्ग नव्हता. उपाय म्हणून त्यानें जो वर्ग काढला तो ‘कच्च्यांचा वर्ग’ नव्हता. उलट तेथें नेहमींपेक्षां अवघड उदाहरणें असत, आणि तीं मिळून सोडवावयाचीं असत. निकाल पालटला. आपल्याकडे आय. आय. टीं.नीं राखीव जागांवरील कांहीं उमेदवारांसाठीं एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला आहे. हेतु स्तुत्य आहे. पण पुन्हा तीच कल्पना, कीं दोष आणणाऱ्याच्या शिदोरींत आहे, पंगतींत नाहीं.

आणि भाषा! मद्रासेंतल्या ज्या पिढीचा ग्रंथांत वृत्तान्त आहे तिला इंग्रजी घरांतच मिळालें होतें, म्हणून कदाचित् या प्रश्नाची धार त्या विवेचनांत पुरेशी लागलेली नाहीं. येथें स्वतःचा एक दोष कबूल करणें मला भाग आहे. मी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों. कित्येक वर्षांपूर्वीं तोंडी परीक्षेंत एका मुलास टॉर्कसंबंधीं प्रश्न केला. मुलगा गप्प. पुन्हा विचारला, पुन्हा गप्प. मीं वीसांपैकीं सहा गुण मांडले. संध्याकाळीं तो व्हरांड्यांत भेटला, आणि खालीं पाहत म्हणाला, ‘सर, जात्याचा खुंटा कडेला ठोकतात, मधल्या खिळीजवळ नाहीं. तेंच ना?’ तेंच होतें. माझ्या व्याख्येहून तें सरस होतें, कारण त्यांत बळ, अंतर आणि दळणाऱ्या बाईचा खांदा, तिन्हीं होतीं. यादी तोंपर्यंत कार्यालयांत गेलेली होती. ती परत मागविणें अशक्य नव्हतें, गैरसोयीचें होतें. मीं मागविली नाहीं. सुब्रमण्यन् यांचें पहिलें प्रकरण वाचतांना तो खुंटा मला वारंवार आठवला. हातांतली विद्या वर्गाच्या दारांत कशी अडते, हें शोधण्यास दरवेळीं कंपनी सरकारच्या दप्तरांत जावें लागत नाहीं.

२०२१ पासून मुख्य प्रवेशपरीक्षा मराठींतूनही देतां येते, आणि त्याच वर्षीं तंत्रशिक्षण परिषदेनें मराठींतून इंजिनियरिंग शिकविण्यासही अनुमति दिली. आय. आय. टीं.ची पुढली परीक्षा मात्र अजून इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होते. मराठींतून पदवी घेतलेल्यास पुढें कोण विचारील, ही पालकांची शंका खोटी नाहीं. आणि चांगलीं पुस्तकें लिहिल्यावांचून नुसत्या अनुमतीनें ती फिटणारी नाहीं. या पापांत आम्ही प्राध्यापकमंडळीही भागीदार आहोंत.

स्त्रियांचा प्रश्न ग्रंथांत ओघानें येतो, प्रमुखपणें येत नाहीं. वास्तविक गुणवत्तेच्या वंशावळींत ही शाखा फार बोलकी आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढें सोहोनी) यांस १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन् यांनीं केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनीं हट्ट धरला तेव्हां एक वर्षाच्या अटीवर घेतलें. आणि १९३९ सालीं त्याच बाईंनीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. आय. आय. टीं.नीं २०१८ पासून मुलींसाठीं जादा जागा निर्माण केल्या. प्रमाण १४ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२० सालीं २० टक्क्यांपर्यंत गेलें. तत्पूर्वीं दहा विद्यार्थ्यांत एक मुलगी असणेंही जड जात होतें. या जागा जादा असल्यानें कोणाची जागा गेली नाहीं, हें खरें. म्हणून ओरड थोडी झाली, हेंही खरें. पण २००६ सालीं इतर मागासवर्गीयांच्या जागांचा प्रश्न निघाला तेव्हांही एकूण जागा वाढविण्याचें ठरलेंच होतें, आणि तरीही रस्त्यावर जो क्षोभ उसळला त्याशीं ही शांतता ताडून पाहण्यासारखी आहे. आपली मुलगी मागल्या क्रमांकानें आंत गेली तर गुणवत्ता बुडत नाहीं. परक्याचा मुलगा गेला तर बुडते. लेखिकेच्या सिद्धान्तास याहून चांगला पुरावा मिळाला नसता, आणि ग्रंथ २०१९ चा असल्यानें तो त्यांच्या हातीं पुरतेपणीं येऊं शकला नाहीं.

ग्रंथाची भाषा परिभाषेनें जड आहे. एकच विचार तीन वेळां तीन पोशाखांत येतो, आणि मुलाखतींतील माणसें बोलूं लागलीं कीं मधेंच सिद्धान्त येऊन त्यांस खालीं बसवितो. ज्यांस सवड थोडी आहे त्यांनीं मद्रासच्या राजकारणावरील व प्रवेशपरीक्षेवरील प्रकरणें प्रथम वाचावींत. ग्रंथाचें मराठी भाषान्तर व्हावें, हें उघड आहे. मात्र भाषान्तरकारास शीर्षकापाशींच अडखळावें लागेल, कारण ‘मेरिट’ला ‘गुणवत्ता’ म्हणावें तर अर्धा अर्थ सुटतो, आणि ‘लायकी’ म्हणावें तर प्रकाशक तें छापण्यास धजेल कीं नाहीं याची शंका आहे.