नोंद आणि आठवण : कुटुंबचरित्राची कसोटी

धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिकेत जुन्या घराण्यांच्या हकीकती असतातच. अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या कुटुंबांत हा लेखनप्रकार चांगला रुजला आहे. मात्र त्याच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा नाही. लेखन पूर्वजांविषयी आहे, तेव्हा त्यात गुणदोष कसले पाहायचे, अशी एक भाविक समजूत आड येते. वस्तुतः जे लेखन मृतांविषयी बोलते, त्याची परीक्षा अधिक कसोशीने व्हायला हवी. कारण मृतांना खुलासा करता येत नाही.

अशा लेखनाची साधने दोन. एक कागदावरची नोंद आणि दुसरी घरातली आठवण. नोंद दिवस, गाव आणि नाव सांगते. त्यामागे कोण रडले, हे सांगत नाही. आठवण ते रडणे पिढ्यान्‌पिढ्या जपते. पण साल विसरते आणि कधी कधी माणसेही बदलते. आपल्या बहुतेक हकीकती एका साधनावर दुसऱ्याचे पांघरूण घालतात. आठवण गैरसोयीची असेल तिथे केवळ तारखा येतात, आणि नोंद गैरसोयीची असेल तिथे आजोबांच्या थोरवीची गोष्ट येते. या प्रकाराचा मुख्य दोष कोणता म्हणाल, तर तो हाच.

दोन्ही साधने समोरासमोर ठेवली म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण अमरावतीतच आहे. ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून ओळखले गेलेले दादासाहेब, म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे (१८५४-१९३८), हे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १८९७ साली अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. टिळकांच्या खटल्याचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे चालवण्याच्या खटपटीसाठी ते १९०८ ते १९१० अशी दोन वर्षे विलायतेत राहिले. वर्षानुवर्षे ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. त्या रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

त्यांतला शिर्डीचा भाग ‘श्री साईलीला’ मासिकात प्रसिद्ध झाल्यामुळे सर्वांत अधिक वाचला गेला. या रोजनिशीप्रमाणे दादासाहेबांचा शिर्डीतला मोठा मुक्काम ६ डिसेंबर १९११ पासून १५ मार्च १९१२ पर्यंत होता. म्हणजे तीन महिने आणि वर काही दिवस. गोविंदराव दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध पोथीत मात्र दादासाहेब चार महिने राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सात महिने राहिल्या, असे आहे. यांपैकी कोण चुकले? घाईचा वाचक पोथीला दोष देईल. पण डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे महिने बोटांवर मोजले तर चारच होतात, आणि घरातली माणसे मुक्काम असाच मोजतात. रोजनिशी दिवस मोजते, आठवण महिन्यांची नावे मोजते. दोघींची मापे निराळी, एवढाच निष्कर्ष येथे न्याय्य ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट लक्ष्मीबाईंची आहे. रोजनिशी दादासाहेबांची. ते शिर्डी सोडून निघाले, की तिच्यातली शिर्डीही संपते. पत्नी तिथे मागे राहिली असेल, तर तिचे पुढचे दिवस त्या पानांत सापडायचे नाहीत. ते शोधायचे तर पोथीकडेच वळावे लागते. तिथे लक्ष्मीबाईंच्या भक्तीला आणि त्यांनी आणलेल्या नैवेद्याला स्वतंत्र जागा आहे. पुरुषाच्या हातची नोंद कितीही प्रामाणिक असली, तरी घरातल्या बाईचे आयुष्य तिच्या कडेला पडते. ते पुन्हा मध्यभागी आणायचे, तर आठवणीवाचून गत्यंतर नाही.

१९६२ साली दादासाहेबांचे पुत्र बाळकृष्ण गणेश खापर्डे यांनी वडिलांचे चरित्र मराठीत प्रसिद्ध केले. पित्याचे हस्ताक्षर आणि पित्याचा सहवास ही दोन्ही साधने एकाच लेखकाच्या हाती असावीत, हा योग विरळाच. पण पुत्राने लिहिलेल्या चरित्रावर एक ओझेही असते. परका चरित्रकार कागदाला जे निःसंकोच विचारतो, ते पुत्राला विचारवत नाही. त्यामुळे अशी चरित्रे वाचताना लेखकाने काय सांगितले याइतकेच, कोणत्या प्रश्नापाशी तो गप्प राहिला, हेही पाहावे. समीक्षकाने हे पुत्राच्या प्रेमाचा अधिक्षेप न करता केले पाहिजे.

हे ओझे झुगारून लिहिता येते, याचा पुरावा ख्रिस्ती मराठी वाङ्मयातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लेखिका प्रॉटेस्टंट परंपरेतल्या, पण हे पुस्तक साऱ्या मराठी घरांचे झाले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. नोंदवहीत ही एक ओळ. ‘स्मृतिचित्रां’त त्या ओळीच्या मागेपुढे ताटातूट आहे, संताप आहे, नातलगांची लाज आहे आणि पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतः लेखिकेने घेतलेला बाप्तिस्मा आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत नात्यातल्या एका ज्येष्ठाला फाशी झाली. सरकारी कागदात ती एक शिक्षा. लक्ष्मीबाईंच्या आठवणीत मात्र त्या धक्क्याने वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरादाराने सोसलेला जाच आहे. पतीचा विसराळूपणा आणि तापटपणा त्या लपवीत नाहीत, तरी पुस्तक मिटताना वाचकाचा टिळकांविषयीचा आदर वाढलेलाच असतो. दोष झाकल्याने माणूस मोठा होतो, हा आपल्या हकीकतींचा समज या एका पुस्तकाने खोटा ठरवला आहे.

आता वऱ्हाडातील सामान्य कुटुंबाकडे वळू. त्याच्याजवळ रोजनिशी नाही, पण कागद आहेत. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक आहे, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे, जमिनीचे उतारे आहेत. हे कागद वाचायचे तर प्रांताचा इतिहास ठाऊक हवा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ साली अमरावतीत विलीन झाला. वाशीमचाही जिल्हा त्याच साली मोडला आणि १९९८ साली अकोल्यातून पुन्हा वेगळा निघाला. जुन्या कागदावर ‘जिल्हा एलिचपूर’ दिसले, म्हणून पूर्वज परगावचे ठरत नाहीत.

चर्चच्या नोंदींचेही तसेच. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची आणि स्नानसंस्काराची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, त्यामुळे शेतमजुराच्या मुलाचेही नाव धर्ममायबापांसह वहीत येते. मात्र अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि १९७७ साली अमरावतीतून औरंगाबाद निघाला. तेव्हा पणजोबांचे नाव आजच्या आपल्या चर्चमध्ये नसले, तर ज्या जुन्या मिशन-केंद्रातून धर्मगुरू गावी येत, तिथल्या वह्या पाहाव्या लागतात.

या शोधात दोन ठिकाणी आपल्या लेखकांची लेखणी अडते. पहिले ठिकाण दुष्काळाचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला. अकोल्याला प्रॉटेस्टंट अलायन्स मिशनचे मुलांचे अनाथालय होते. अशा मुलाच्या वंशजांना वहीत आईबापांची जागा रिकामी दिसते. दुसरे ठिकाण जातीचे. कोतवाल बुकात नावापुढे जात लिहिलेली असे, म्हणून तर जात-पडताळणीसाठी आजही त्याची नक्कल मागतात. स्मरणिकेत मग रिकाम्या जागी एखादे खानदानी घराणे येते आणि जातीच्या जागी मौन येते. परंतु जे मूल उपाशी चालत आले, जगले आणि ज्याने घर उभे केले, त्याची खरी कथा कोणत्याही कल्पित वतनदारीपेक्षा मोठी आहे. खोटी वंशावळ त्या मुलाचेच श्रम पुसून टाकते.

या बाबतीत शुभवर्तमानाइतका धीट आदर्श दुसरा नाही. संत मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तामार, राहाब आणि रूथ यांची नावे घातली, आणि उरीयाच्या पत्नीचा उल्लेख तर असा केला की दाविदाचा अपराध आठवावाच. संत मत्तय योसेफाच्या पित्याचे नाव याकोब देतो, संत लूक एली देतो. ख्रिस्तसभेने यांतली एक यादी फाडून टाकली नाही, किंवा दोन्ही जुळवून तिसरी केली नाही. दोन्ही जशाच्या तशा जपल्या आणि वाचकावर विश्वास टाकला.

कुटुंबचरित्राची कसोटी हीच असावी. वही आणि आजी यांचे जिथे पटत नाही, तिथे लेखकाने दोघींचे म्हणणे शेजारी शेजारी लिहावे आणि आपले मत वेगळे सांगावे. आईबापांचा मान राख, ही चौथी आज्ञा; खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी. पूर्वजांविषयी लिहिणाऱ्याला या दोन्ही एकाच वाक्यात पाळाव्या लागतात. ज्या हकीकतीत हे साधेल, ती स्मरणिकेचे पान भरून थांबणार नाही. नातवंडे ती पुढे वाचतील आणि तीवर विश्वास ठेवतील.